वहीतले प्रवासी

"नाव नंतर. आधी पाणी कुठलं पिता ते सांगा."

घाटघरजवळच्या आमच्या वाडीत नव्या माणसाची ओळख आरोग्य केंद्रातल्या सिस्टर अशी करून घेत. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. ते बिचारे हातातला पेला बघत राहिले.

मी जीपवाला. लसीची पेटी मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी बसत. खड्डा लागला की पेटीला जपत आणि मला झापत.

गेल्या पावसाळ्यात वाडीतली एक सून टायफॉइडनं गेली. सिस्टरनी अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठं लस आली. सोबत कागद होता : फक्त प्रवाशांसाठी. म्हणजे पुण्याहून येऊन आमचं पाणी एक दिवस पिणाऱ्यांना धोका. आम्ही जन्मभर पितो, आम्हाला कसला धोका? या शहाणपणापुढं आपण काय बोलणार, राव!

सिस्टरनी कागद दोनदा वाचला. "भाऊ, उद्या सगळ्यांना पिशव्या घेऊन बोलवा."

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं अख्खी वाडी गाठोडी घेऊन रांगेत. एकानं तर कोंबडीही आणली. सगळ्यात शेवटी उभी होती भागीआजी, टायफॉइडनं गेलेल्या त्या सुनेची सासू.

"कुठं निघालात, आजी?"

"कुठं जातीय बाई! शेतावर."

"परत कधी?"

"सांजच्याला."

सिस्टरनी वहीत लिहिलं, 'प्रवास : शेत', आणि टोचून टाकलं.

पुढं तपासणीला साहेब आले. वही बघून भडकले. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. महिन्यात सिस्टरच्या बदलीचा हुकूम आला, थेट डिंभे धरणाच्या पलीकडं. आमच्या पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा हुकूम अजून यायचाय.

त्यांना सोडायला जीप काढली, तर भागीआजी आणि आणखी आठ बाया आधीच आत बसलेल्या. नव्या खोलीपुढं ट्रंक उतरवली. आजीनं सहज विचारलं, "सिस्टर, तुमी टोचून घ्येतलंय न्हवं?"

सिस्टर ट्रंकेची कडी चाचपत राहिल्या. "डोस पुरले नाहीत, आजी. शेवटचा तुम्हाला दिला."

वहीतल्या एवढ्या प्रवाशांत खरा प्रवास एकट्या सिस्टरच्या वाट्याला आला, आणि टोचायच्या राहिल्या त्याही त्याच.

आजीनं पदर खोचला. दारात तीन दगड मांडून चूल पेटवली, वर पातेलंभर पाणी ठेवलं.

"उकळी आल्याबिगर घोट घ्यायचा न्हाई. कळलं का गं, बाय?"

"हो," सिस्टर म्हणाल्या, आणि मुकाट्यानं चुलीपाशी बसल्या.

पाणी उकळेपर्यंत आमच्यातलं कुणीच जीपकडं वळलं नाही.