हिरवी बी

आठ दिवसांत कोकणचा किनारा, दोन किल्ले, एक अभयारण्य आणि पुणं उरकून आम्ही नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यात पोचलो. वाइन चाखायला देण्याआधी तिथे मळा दाखवतात. वेलीपाशी उभ्या असलेल्या एका मजूर बाईंनी घडातला एक मणी तोंडात टाकला, चावला, बी तळहातावर काढून उन्हात निरखली.

"अजून हिरवी हाये. तांबूस झाल्याबिगर तोडत न्हाई आमी," असं म्हणून त्या पुढच्या वेलीकडे वळल्या.

मला त्यांचा हेवा वाटला. एवढं हिंडूनही असं छातीठोक सांगता येईल अशी एक गोष्ट माझ्यापाशी नव्हती. फोनमध्ये फोटो मात्र शेकडो होते. मग जरा मिरवावं म्हणून मी त्यांना समुद्राचा फोटो दाखवला.

"अगंबया! म्या न्हाई बघितला कधी," त्या हरखून म्हणाल्या. "पाणी गार असतं का वो ताई?"

त्या दिवशी किनाऱ्यावर गाडी खोळंबली होती, म्हणून मी पायातले बूटसुद्धा काढले नव्हते.