क्लचवरचा डावा पाय

गाडीत बसण्याआधी मेस्त्री डाव्या पायाची चप्पल काढत. ती बाहेर जमिनीवर ठेवत, तळवा पँटवर पुसत, मग उघडा पाय क्लचवर ठेवून डोळे मिटत. "डोळा फसतो साहेब, पाय नाय फसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी हसलं तर त्याची गाडी त्या दिवसापुरती मागे पडे.

तुमच्याही गावात असा एखादा मेस्त्री असेल, ज्याच्याकडे गाडी टाकली की आपण तिचे मालक उरत नाही. आमचे मेस्त्री पेणच्या खाडीकडचे. बाप मिठागरात होता. वाफ्यात पाणी घेण्याआधी त्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, आणि किती तुडवला म्हणजे पुरे, ते पायालाच कळतं. बापाची ही विद्या त्यांनी रोह्याजवळ वरसे गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, गाड्यांवर चालवली.

मी रोह्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं, आणि ते पगाराबाहेरचं होतं. तरी मुंबईच्या एका शौकीन गृहस्थाने शर्यतीत पळवलेली, दोन दारांची बसकी लाल गाडी मी जुन्यात घेतली. बायको म्हणाली, "ही बसायची गाडी आहे की आडवं व्हायची?" सहा महिन्यांत क्लच गेला. नवा सेट म्हणजे माझे तीन पगार.

मेस्त्रींनी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "सेट कशाला? प्लेटवरचं लायनिंग गेलंय, प्लेट नाय गेली. पेणला नवीन लायनिंग मारून आणतो. स्प्रिंगा खणखणीत हायत. बेअरिंग तेवढा नवा घेऊ."

दोन रविवार गेले. लाकडी ठोकळ्यांवर गिअरबॉक्स उतरला, परत चढला. शेवटी त्यांनी चप्पल काढून क्लच दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लोणी हाय."

मी खुशीत कोलाडवरून सुकेळी खिंडीत गेलो. चढावर इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी काही ओढेना. आत जळका वास भरला. क्लचची केबल नको इतकी ताणलेली होती, म्हणून प्लेट नुसती घसरत होती. अशी चूक शिकाऊ माणूसही करत नाही.

रागानेच परत गेलो. त्यांनी चप्पल काढली, पाय ठेवला. "बरोबर हाय की." तेव्हा मला पेडलखाली रक्त दिसलं. त्यांच्या टाचेत नखाएवढा लोखंडाचा तुकडा रुतला होता.

"मेस्त्री, पाय!"

त्यांनी वाकून पाहिलं आणि चिमटीने तो उपसला, दुसऱ्या कोणाच्या पायातला काढावा तसा.

"कधीपासून कळत नाही?"

"गणपतीपासून. शुगर हाय ना." थोडा वेळ ते रक्त पुसत राहिले. "कुनाला बोलू नका साहेब. गिऱ्हाईक तुटंल. घरी तर नकोच. ती डॉक्टरकडं नेईल, आन् डॉक्टर पयली शेड बंद करंल."

मी शब्द दिला. तेव्हा मला तो मोठेपणा वाटला.

मग त्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः पाना घेऊन इंजिनावर वाकले. "चप्पल काढा. दाबा. हलका कुठवर जातो? आता जड लागला?" मी सांगत होतो, ते नट सोडत होते. लायनिंग थोडक्यात वाचलं होतं. दहा मिनिटांत क्लच जागेवर आला. "तुमचा पाय बरा हाय," ते म्हणाले. कंपनीत मला अशी शाबासकी कधी मिळाली नाही.

गाडी पळाली, आणि मी शब्दही पाळला. ती जखम मला नंतर दोनदा दिसली. एकदा तिच्यावर चिंधी होती. दुसऱ्यांदा वास येत होता. मी "मलम लावा हो" म्हणालो आणि घरी आलो. दिल्या शब्दाचं मला एवढं कौतुक कुठून आलं होतं, देव जाणे. आज त्याची लाज वाटते.

पावसाळ्याआधी त्यांचा पाय घोट्यातून काढला, मग गुडघ्यातून. दिवाळीच्या आत ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. त्यांची बायको ओटीवर बसली होती. मी त्यांना वहिनी म्हणत असे.

"भाऊ, डॉक्टर बोलला, टाचंची जखम लय जुनी व्हती. टायमावर आणला असता तर पाय वाचला असता. एका घरात राहून मना कळलं नाय." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमी शेडवर सारखे येत व्हता. तुमाना ठाव व्हतं का?"

मी नाही म्हणालो.

"व्हय, तुमाना तरी कसं ठाव असनार," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.