फ्रेंच सिनेमाला वन्स मोअर

फ्रेंच सिनेमा चालू असताना मी अंधारात "वन्स मोअर!" म्हणालो. खरं तर मनातल्या मनात म्हणायचं होतं. पण वडगावात कापडाच्या मागांच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाचं पुटपुटणंसुद्धा पलीकडच्या गल्लीत पोचतं.

आमची लेक कॉलेजात फ्रेंच शिकवते. गल्लीतल्या लोकांना एक फ्रेंच सिनेमा दाखवायचा तिनं घाट घातला होता. मूळचं ते तिकडचं हलकंफुलकं संगीत नाटक. त्याचाच विनोदी सिनेमा केलेला. खाली मराठी ओळी तिनं स्वतः बसवल्या होत्या. देवळाचा हॉल मागितला तेव्हा पंचांतले थोरले अण्णा म्हणाले होते, "एकदा देतो. लोकं मधनंच उठली तर परत मागायचं न्हाय गं." आणि तिला तर दर महिन्याला सिनेमा दाखवायचा होता.

लोक उठतच होते. पडद्यावरची बाई एका पाहुण्याला कपाटात, दुसऱ्याला पलंगाखाली लपवून गात होती. इकडं खुर्च्या सरकत होत्या. खुद्द अण्णा दारापर्यंत पोचले होते. तेवढ्यात त्या बाईनं अशी काही तान घेतली, की माझ्या तोंडून ते गेलंच. संगीत नाटकं बघत वाढलेला माणूस मी; गाणं रंगलं की जीभ मला विचारत नाही.

हॉल हसला. लेक लॅपटॉपमागून फणकारली, "आप्पा, हे नाटक न्हाय! तिला ऐकू जात न्हाय तुमचं!"

"तिला न्हाय, पण तुला जातंय न्हवं?" अण्णा दारातनं म्हणाले. "लाव की परत. उठायच्या नादात माझं निम्मं गेलं."

तिनं गाणं मागं घेतलं. अण्णा बसले, तसे दाराशी घुटमळणारेही बसले. या खेपेला ओळी वाचायला सवड मिळाली, आणि कपाटातल्या पाहुण्यावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग काय, प्रत्येक गाण्याला वन्स मोअर! सिनेमा संपता संपेना. निघताना अण्णांनी लेकीला विचारलं, "पुढचा कवा गं?" तिचा चेहरा असा फुलला की बस्स.

घरी येताना मी जरा छाती पुढं काढूनच चाललो होतो. बायको म्हणाली, "पुढच्या खेपेला मी पुढं बायकांत बसणार. तुम्ही दाराजवळच बसा. परत ओरडलासा तर भाईर काढाय सोपं."