हॉलमधला शंकरपट

रविवारी आमच्या हॉलमध्ये शंकरपट झाला. अमरावतीत, भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी... आणि त्या पटाने माझं डोकं असं काही उठवलं की अजून ठिकाणावर आलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. गाडी हाकणारा तो धुरकरी. माझ्या नातीने, रुचाने, त्याचा चक्क व्हिडिओ गेम बनवलाय आणि पुण्याहून मला पाठवलाय. त्यात धुरकरी आपण निवडायचा. एक पोरगीसुद्धा ठेवलीय तिने, दोन वेण्यांची, लाल रिबिनवाली... ती मी.

साठच्या दशकात आम्ही तेल्हाऱ्याकडे राहायचो. आमची वजीर-बादलची जोडी पटात पळायची आणि धुरकरी माझा मोठा भाऊ, दादा. मला गाडीवर पाय ठेवायची बंदी. पोरीने कासरा धरला की जोडी पळत नाही म्हणे! माझं काम एकच. जोडी घरी आली की दारात उभं राहून बैलांच्या आणि धुरकऱ्याच्या पायावर पाणी घालायचं आणि ओवाळायचं. दादाचे ते धुळीने माखलेले पाय धुताना माझा असा जळफळाट व्हायचा की विचारू नका.

तर आता एवढ्या वर्षांनी कासरा माझ्या हाती येणार होता. दादा खास बघायला अकोल्याहून आला, एस.टी.ने, डोक्याला दुपट्टा बांधून, ऐंशी ओलांडलेला माणूस. सगळं जुळून आलं होतं. फक्त माझा कॉम्प्युटर...

काय सांगू त्या मेल्याबद्दल! मी शाळेत शिकवत होते तेव्हाचा आहे. बटण दाबावं, चहा ठेवावा, पिऊन कप विसळून यावं, तरी हा आपला आळोखेपिळोखेच देतोय.

गेम लावला. बैल आले (नावंही रुचाने वजीर-बादलच दिलीत), गर्दी आली, झेंडी पडली... आणि सगळं जागच्या जागी थिजलं. वजीरचा एक पाय हवेत. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा पाय हवेत. मग तर बैलच आले नाहीत, नुसती गाडी!

दादा सोफ्यावरून म्हणतो, "तुही जोडी बसली वाट्टे. म्या म्हनतच होतो, पोरीच्या हाती कासरा..." मी असं काही बघितलं त्याच्याकडे, की पुढचं त्याने गिळलं.

रुचाला फोन लावला. ती म्हणाली, आजी, मशीन जुनं आहे आणि तापलंय, नवा लॅपटॉप आणला की खेळ ना. आणला की! इकडे दादाची परतीची गाडी पाचला. आणि हा माणूस पुन्हा कधी येईल ते त्याच्या गुडघ्यांनाच विचारा.

तापलंय तर तापलंय. त्यावर आम्हा वऱ्हाडी माणसांना एकच उपाय ठाऊक. मी सीपीयूचं झाकण काढलं आणि कूलर ओढून थेट त्याच्या तोंडाशी लावला.

दादा भडकला. "मानसं शिजून राह्यले इथं, अन् तू त्या डब्ब्याले हवा देऊन राह्यली!"

पण चाललं की हो! झेंडी पडली, बैल निघाले. निघाले म्हणजे... पळाले नाहीत. चालले. वखराला जुंपल्यासारखे. एक पाऊल, थांबा. दुसरं पाऊल, थांबा. शेजारची जोडी केव्हाच पोचली, तिच्यावर गुलालही उधळून झाला, आणि मी आपली बटणावर बटण हाणतेय, "चाल रे वजीर, चाल नं बाप्पा!"

दादा कधी उठून खुर्चीमागे आला कळलंच नाही. "कासरा नोको ओढू," तो हळूच म्हणाला. "ढिला सोड. वजीरले ओढलेलं खपे नाई."

उभ्या आयुष्यात त्याने मला पटातलं काही शिकवलं ते हे पहिलंच. मी बोट हलकं केलं. कॉम्प्युटरला त्याने काय फरक पडणार, डोंबल! पण बैल चालत राहिले.

शेवटची रेषा चार बोटांवर आली आणि 'फट्' असा आवाज झाला. स्क्रीन काळा, जळका वास... आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, कूलरचा पाण्याचा पंप मी बंदच केला नव्हता. सगळे तुषार सीपीयूच्या पोटात.

मला रडूच फुटलं. नातवंडं असलेली बाई, गेमपायी रडले. जन्मभर थांबून पोचले की नाही, तेसुद्धा कळू नये?

"पोचली," दादा म्हणाला. "वजीरचं नाक पार गेलं. म्या पाह्यलं."

दादाला मोतीबिंदू आहे. समोरचं कॅलेंडर दिसत नाही त्याला. पण पटाच्या निकालावरून तो कधी कोणाच्या बापाला ऐकला नाही, म्हणून मीही वाद घातला नाही.

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि भरलेला तांब्या घेऊन आला. मी किंचाळलेच, "दादा, त्याच्यावर पाणी नको टाकू!" त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही. टेबलाची कड धरली, कण्हत कण्हत वाकला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं.

हॉलभर पाणी झालं. गुडघे त्याला परत उभं राहू देईनात, म्हणून मीही तिथेच ओल्या फरशीवर बसले. पाचची गाडी चुकली.

रुचा सारखी विचारतेय, आजी, गेम कसा वाटला? बाळा, बैल फार छान केलेस. फक्त एक राहिलंय बघ... जोडी घरी आली की धुरकऱ्याच्या पायावर कोणीतरी पाणी घालायला हवं. माझ्या पायावर दादाने घातलं.