साहेबांसाठी आणलेला कुलर

मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली. अकोल्याच्या जुन्या शहरातले किराणेवाले, सराफ, सायकल दुरुस्तीवाले, दाताचे डॉक्टर, निवडणुकीला उभे राहणारे आणि पडणारे, सगळ्यांच्या पाट्या माझ्या हातच्या. मग फ्लेक्स आलं. ज्यांच्या बापाची पाटी मी रंगवली, त्यांनी दुकानावर स्वतःचा फोटोच छापून लावला. तरी काही वर्षं मी रोज ब्रश धुऊन ठेवायचो. पेंटरला पेन्शन नसते, फंड नसतो. असते ती कंबर, आणि माझी ती शिडीवरच गेली होती.

त्यातच बायकोला बीपी निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली. ही बाई एक दिवस आड घ्यायची, म्हणजे एक पाकीट दुप्पट दिवस पुरतं. मला कळलं तेव्हा मी ओरडलो. ती म्हणाली, "अजी, रोज गोळी खाऊन मले का कुस्ती खेळाची हाये?" मला हसू आलं. आमच्या घरात भांडण असंच मिटायचं. मी हसलो, की ती जिंकली.

म्हणून मी निराधारच्या पैशांसाठी अर्ज केला. उत्पन्न कमी आणि वय झालेलं, अशांना सरकार महिन्याला देतं ते. आमच्याकडे सगळे त्याला 'निराधारचे पैसे' म्हणतात. बायकोला ते पटलं नव्हतं. "मागून कायले घ्याचे?" म्हणाली. मी म्हटलं, "मागून नाई, हक्काचे हायेत. तुया गोळ्यांचं तरी भागते." गोळ्यांचं नाव काढल्यावर तिनेच कागदपत्रं शोधून हातात दिली. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला घेऊन मी सेतू केंद्रात चार चकरा मारल्या. अडचण एकच होती. आम्हाला मुलगा आहे. तो पुण्याकडे एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. मुलगा सांभाळत असेल तर मदत मिळत नाही, सांभाळत नसेल तर तसं सांगावं लागतं. तो वाईट नाही. लग्न झाल्यापासून त्याचाच मेळ बसत नव्हता, आणि पैसे तर सोडाच, दिवाळीशिवाय फोनही येत नव्हता. अर्ज भरताना मी तसंच सांगितलं. बायको सोबत नव्हती, म्हणून सांगता आलं.

मग निरोप आला की चौकशीला तलाठी साहेब उद्या दुपारी घरी येतील. घर बघतील, दोन प्रश्न विचारतील, झालं.

मे महिना होता. अकोल्याचा मे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि दुपारी मोर्णा नदीच्या पुलावर कुत्रंही दिसत नाही. आमचा कुलर दोन उन्हाळ्यांपूर्वीच भंगारात गेला होता. आम्ही ओली चादर दाराला बांधून दिवस काढत होतो. बायकोने निरोप ऐकला आणि पदर खोचला. फरशी दोनदा पुसली. ट्रंकेतली ठेवणीतली चादर खाटेवर आली. शेजारणीकडून फुलाफुलांचे कप आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फर्मान निघालं, "अजी, शेजारचा कुलर आना. थे बाई हाव म्हनली."

मी म्हटलं, "अवं, तो मानूस आपली गरिबी पाहाले येऊन राहिला!"

"गरिबी पाहाले येऊन राहिला म्हून का त्याले भाजून काढाचं?"

वऱ्हाडात भर उन्हातून आलेल्या माणसाला उकाड्यात बसवणं म्हणजे त्याला दारातून हाकलून दिल्यासारखंच. मीही त्याच मातीतला. गेलेल्या कंबरेनिशी मी तो कुलर ढकलत आमच्या घरी आणला, टाकीत पाणी भरलं, खसच्या ताट्या भिजवल्या. आपल्याच अर्जावर पाणी ओततोय, हे डोक्यात येत होतं. पण गार वारा सुटला तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

तलाठी आले. पोरसवदाच होते, आमच्या मुलाच्या वयाचे. तोंड उन्हाने लाल झालेलं. कुलरसमोर बसले आणि क्षणभर डोळेच मिटले त्यांनी. बायकोने पन्हं दिलं, मग पोहे दिले, वर ओलं खोबरं, जे आम्ही कित्येक महिन्यांत आणलं नव्हतं. तिने लुगडंही लग्नाकार्याचं नेसलं होतं. साहेब संकोचून खात होते. खाता खाता त्यांनी कुलर पाहिला, कप पाहिले, चादर पाहिली. त्यांना दिसलं ते त्यांनी पाहिलं, त्यात त्यांचा काय दोष?

मग त्यांनी विचारलं, "काकू, मुलगा पैसे पाठवतो का?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "धाडते ना जी. दर महिन्याले धाडते. लय गुनाचा हाये माहा पोरगा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काका?"

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. कुलर शेजारचा आहे, कप शेजारचे आहेत, ही बाई आईपणाने बोलतेय, एवढंच सांगायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "साहेब, अजून थोडे पोहे घ्या."

ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडलो. "काहून खोटं बोलली?"

"मंग काय सांगू? लोकाच्या पोट्ट्यासमोर आपल्या पोट्ट्याले उघडं पाडू?" आणि ती रडायला लागली. मी शेजारचा कुलर परत पोचवायला निघालो, कारण तिथे उभं राहवत नव्हतं.

अर्ज नामंजूर झाला. पुन्हा करू, असं मी म्हणत राहिलो, पण पुन्हा तोच प्रश्न येणार आणि ती तेच उत्तर देणार हे दोघांनाही माहीत होतं. गोळ्या एक दिवस आडच चालू राहिल्या. पुढच्या थंडीत तिला लकवा मारला आणि आठवडाभरात ती गेली. रोज गोळी घेतली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं. मुलगा आला, मोठ्याने रडला, तेरवीपर्यंत थांबला. "बाबा, चाला माह्यासंग," म्हणाला. मी नको म्हटलं तर त्याने फार आग्रह केला नाही. त्याची आई त्याच्याबद्दल काय बोलली होती, ते मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? रोज वाटतं, हवं होतं. रोज वाटतं, बरं झालं.

वर्षभराने शेजारणीने बळेच मला पुन्हा अर्ज करायला लावलं. या वेळी चौकशीला एक बाई आल्या. मी त्यांना पाणी दिलं. चहा मला जमत नाही, आणि घरात साखर आहे की नाही तेही माहीत नव्हतं. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली.

"घरात कोण कोण असतं, काका?"

"मी एकटाच."

"मुलगा सांभाळतो का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वर न करता टिपून घेतलं. हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही असं मला सकाळपासून वाटत होतं. तो सहज निघाला. त्याने दुखावेल असं आता त्या घरात कोणी उरलं नव्हतं.