मामीची उत्तरं

मामीसमोर दुसऱ्या कुणाला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. विचारा कुणालाही, उत्तर तीच द्यायची. छत्रीबाग मोहल्ल्यात तिच्याकडे राहून मी शाळेत शिकवत होते, तेव्हा मला बघायला आलेल्या मुलाने "आवड कसली?" म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाली, "भरतकामाची." मी जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. लग्न मात्र ठरलं.

मामांची जीभ तर तिने बोहल्यावरच ताब्यात घेतली असावी. राजवाड्याजवळचा शिंपी मामांच्या कमरेला टेप लावून विचारायचा, "बाबूजी, ढीला रखूँ?" मामी सांगायची, "टाइट करो भिया, आदत पड़ जाएगी." मामा हसायचे. आम्ही भाचरंही हसायचो. आमच्यावर तिचा जीव होता, तिच्या हातचं खाऊन आम्ही वाढलो होतो.

मग मामांचं हसणं थांबलं. कामाला म्हणून मिलच्या फाटकापर्यंत जायचे, परत यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मीच हट्टाने त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. मामी अर्थातच बरोबर. डॉक्टरांनी छापील प्रश्नांचा कागद मामांपुढे ठेवला. झोप लागते का, भीती वाटते का, जगणं नकोसं होतं का. पुढे 'कभी नहीं', 'कभी-कभी', 'हमेशा'. एकावर खूण करायची. "खुद भरिए, जो लगता है वही," असं बजावून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले.

मामांच्या हातातलं पेन मामीने काढून घेतलं. "यांना काय धाड भरलीये! नींद तो मस्त येते." भराभरा सगळ्या खुणा 'कभी नहीं'वर. शेवटच्या प्रश्नाला मामांनी तिचं मनगट धरलं.

"लग्न ठरलेली मुलगी आहे घरात," ती माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली. "लोग पागल बोलेंगे."

"मामी, त्यांना भरू दे ना," मी म्हटलं.

"तू चूप बस."

मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, की हे मामीने भरलंय. त्यांनी मामांना विचारलं, "सही है?"

"एकदम सही," मामी म्हणाली. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

पुढच्याच आठवड्यात मामा कामावर म्हणून निघाले आणि सांवेर गावाच्या बसमध्ये बसले. संध्याकाळी पोलिसांनी त्यांचं प्रेत आणलं. जीव का दिला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामीला पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

वर्षभराने मामीचंच अन्नपाणी सुटलं. मीच तिला घेऊन गेले. तेच डॉक्टर, तोच कागद. तिला पेन धरवेना, म्हणून ते वाचून विचारू लागले.

"नींद आती है?"

"कुठली नींद, डॉक्टरसाब! चार बजे से उठके बैठते थे."

"डर लगता है?"

"मिलच्या भोंग्याचा. हात कापायचे त्यांचे."

"जीने का मन नहीं करता?"

मामीने कागदावर बोट ठेवलं. "हमेशा," ती म्हणाली. "हमेशावर खूण करा."

"माताजी, मैं आपका पूछ रहा हूँ."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगावं म्हणून बघतच राहिली.

मी चूप बसले.