चार लाख किलोमीटरचा भरवसा

चेन्नईत जुनी गाडी घेणारे पुष्कळ आहेत. पण गाडी कमी चाललेली दाखवली म्हणून विकणाऱ्याशी भांडणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. हे मी छाती पुढे काढून सांगतो. इतरांच्या सासरचे लोक मोठ्या हुद्द्यावर असतात, परदेशात असतात. माझ्या बायकोचे मामा अड्यारला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर असतात, आणि गेलं वर्षभर त्यातला बराच वेळ ते एका गाडीखाली होते.

मामा तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून इतक्या पिढ्या झाल्या की त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आला आहे, आणि माझं नाशिकचं मराठी ऐकून ते पाहुणा अजून शिकतो आहे अशा नजरेने मान हलवतात. अंबत्तूरच्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. नवी वस्तू त्यांना मुळीच चालत नाही. नव्याला अजून काय ठाऊक आहे, असं त्यांचं म्हणणं. घरातला मिक्सर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं कुणीतरी आधी दहा-वीस वर्षं वापरून पास केलेलं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पगार आणि पत्रिका बाजूला सारून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमची स्कूटर किती चालली आहे?" मी घाबरत घाबरत म्हणालो, एकोणनव्वद हजार. "इंजिन कधीं उघडलें कां?" नाही म्हणालो. "सरि," म्हणजे ठीक, असं ते बायकोच्या वडिलांकडे वळून म्हणाले, "मुलगा टिकाऊ आहे." तेवढ्यावर माझं लग्न ठरलं. तेव्हापासून ते मला मापिळ्ळै, म्हणजे तमिळमध्ये जावईबापू, म्हणतात आणि दर दिवाळीला स्कूटरचा आकडा विचारतात.

मामी भूगोलाच्या शिक्षिका होत्या. त्यांचं सोवळं फार कडक. आंघोळ करून, सोवळ्याचं लुगडं नेसून, आपल्या भांड्यात आपल्या हाताने रांधलेलं असेल तेच त्या खाणार; बाहेर पाण्याचा घोटसुद्धा नाही. तीस वर्षं त्यांनी कोरड्या घशाने शाळा शिकवली. त्यामुळे सकाळी जेवून निघावं आणि रात्रीच्या स्वयंपाकाला परत यावं, एवढंच त्यांचं जग. देशातल्या झाडून साऱ्या नद्या नकाशावर बोटाने वाहवणाऱ्या या बाईंनी प्रत्यक्ष पाहिलेल्या नद्या तीन: माहेरची कावेरी, घराजवळची अड्यार, आणि पुलावरून नाक दाबून पाहिलेली कूवम. एकदा भाजी चिरता चिरता त्या सहज म्हणाल्या होत्या, "कावेरी आमच्या गांवीं येते तेव्हां थकलेली असते. तलकावेरीला डोंगरांतून निघते कैसी, तें एकदां पाहायचें होतें." मामांनी ते नुसतं ऐकून ठेवलं. पण पुढे मामींच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली. फार तर दोन वर्षं चढ-उतार करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी मामा माझ्याकडे वर आले. "ती कांहीं अडपंगरै सोडून येणार नाहीं," ते म्हणाले. अडपंगरै म्हणजे स्वयंपाकघर. "तर अडपंगरैलाच चाकें लावूं."

डोंगराच्या चिखलात अडकायला नको म्हणून गाडी चारही चाकांनी जोर लावणारीच हवी होती. अंबत्तूरच्या एका दलालाच्या आवारात तशी एक व्हॅन उभी होती. कुठल्याशा डोंगरावरच्या धरणाच्या कामावर तिने माणसं वाहिली होती. आम्ही तीन रविवार तिला पाहायला गेलो. मामा वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, गुडघ्यांवर खोचून तिच्याखाली शिरत, इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावून मूठ कानाशी धरत, काळं तेल बोटांत चोळून वास घेत. मीटरवर नव्वद हजार किलोमीटर होते. मामांनी ब्रेकच्या पेडलवरचं गुळगुळीत झालेलं रबर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हें चार लाख किलोमीटर तरी दाबलें आहे. बाकीचे कोठें गेले?" दलालाला वाटलं, म्हातारा भाव पाडतो आहे. मामांनी मात्र जुन्या ड्रायव्हरचा पत्ता काढून त्याला फोनच लावला. त्याने अभिमानाने सांगितलं, चार लाख बारा हजार, आणि इंजिन एकदाही उघडलेलं नाही. मग मामा दलालावर असे कडाडले की शेजारच्या लेथवरची माणसं काम थांबवून पाहू लागली. "इतकें चालून जी थांबली नाहीं ती पुढेंही थांबणार नाहीं. तिची कमाई तुम्हीं पुसली कैसी?" मीटरवर खरा आकडा परत येईपर्यंत त्यांनी कागदाला हात लावला नाही. दलालाने आयुष्यात प्रथमच मीटर पुढे फिरवला असेल.

मग आमच्या पार्किंगमध्ये कारखाना सुरू झाला. मामी विळीवर बसत तेव्हा त्यांचा हात कुठवर पोचतो, हे मामांनी पट्टीने मोजून घेतलं. डाव्या हाताला मीठ, उजव्या हाताला चिंच, घरात होतं तसं. मामींचा एकच सवाल होता, "सोवळ्याचें लुगडें वाळेल कोठें?" ते कुणाचा हात लागणार नाही अशा उंच दांडीवर काठीने घालायचं असतं. व्हॅनचं छत तर डोक्याला लागत होतं. मामांनी विचारही केला नाही. छतच दीड फूट उचललं. पत्र्याचं काम करणाऱ्याने ही दांडी अँटेनाची का, असं विचारलं. मामा म्हणाले, "त्याहून महत्त्वाची." परिवहन कार्यालयातल्या साहेबांनाही त्यांनी त्या दांडीचं शास्त्र इतकं समजावलं, की त्यांनी शेवटी हात जोडून मंजुरी दिली.

मामींनी अट घातली होती: आधी चेन्नईजवळच्या समुद्रकाठच्या कोवलमपर्यंत जाऊन पाहू, तिथे सोवळं टिकलं तर तलकावेरी, नाहीतर विषय संपला. मामा त्या दिवशी रेशमी धोतर नेसून, स्वतःही सोवळ्यात, गाडी चालवत होते. मी ओवळा, म्हणून अगदी मागे हात बांधून बसलो होतो. कोळ्यांच्या होड्या ओढायच्या वाटेने गाडी वाळूत घालायची होती. आता या गाडीचं असं, की पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते. ती उतरून हाताने फिरवावी, मगच पुढची चाकं कामाला लागतात. पण चाकाला हात लावला की सोवळं मोडलं. मला सांगावं, तर तपासनिसाने दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवायचा कसा? म्हणून मामांनी नुसती गिअरशेजारची दांडी ओढली आणि "वाळू घट्ट आहे" असा शेरा दिला. पन्नास पावलांवर गाडी मागच्या चाकांनी वाळू उडवत बसकण मारून बसली.

मी उतरून ढकललं. सात-आठ कोळी जाळी टाकून धावत आले, त्यांनी ढकललं. गाडी आणखी खोल. मामा स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिले. छत्तीस वर्षांत ज्यांनी एक नट सैल जाऊ दिला नाही, त्यांचे कान लाल झाले होते. गाडीची त्यांना चिंताच नव्हती. आता मागून "घरीं चला" एवढे दोन शब्द येतील आणि कावेरी कायमची नकाशात जाईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मागचा दरवाजा उघडला. मामींनी स्टोव्ह बंद केला होता. दाराची कड धरून, एकेक गुडघा सांभाळत त्या सोवळ्याच्या लुगड्यानिशी वाळूत उतरल्या. कोळी बाजूला झाले. मामी पुढच्या चाकाशी वाकल्या, चकती धरली आणि कडकन फिरवली. मग पलीकडे जाऊन दुसरी. गाडीसोबत आलेल्या पुस्तकाला त्यांनी शाळेच्या सवयीने खाकी कव्हर घातलं होतं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं होतं, हे आम्हाला कुठे ठाऊक!

"अगे, सोवळें..." मामा खिडकीतून पुटपुटले.

"नदी पाहायला निघालों आपण. चिखलाला भिऊन नदी दिसते कां? दाबा आतां."

गाडी घुरघुरली आणि चारही पायांवर उठून बाहेर आली. कोळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मी तर टाळ्याच वाजवल्या. मामींनी टाकीच्या पाण्याने हातपाय धुतले, दांडीवरचं दुसरं लुगडं काठीने उतरवलं आणि पडदा ओढला. अर्ध्या तासाने सगळ्या कोळ्यांना आणि मला वाळूतच पळसाच्या पत्रावळींवर रसम्-भात मिळाला. इतका चांगला रसम् मी त्यांच्या घरीही खाल्ला नव्हता.

गेल्या महिन्यात ते दोघं तलकावेरीला गेले. मामा रोज संध्याकाळी मला एकच फोटो पाठवत, मीटरचा. डोंगर नाही, देऊळ नाही. सहाव्या दिवशी मात्र फोटो आला नाही, फोन आला. मी विचारलं, "मामी काय म्हणाल्या?" मामांचा तो कारखाना गाजवणारा आवाज अगदी लहान झाला होता. "आधीं कुंडाजवळ बसून राहिली. मग नकाशावर ठेवायची तें बोट पाण्यांत बुडवलें. म्हणाली, मुलांना बरोबर दाखवत होतें हो मी. एवढीशीच आहे. बोटाएवढी."

तिथून आता ते कावेरीच्या काठाकाठाने तंजावरपर्यंत उतरत आहेत, सावकाश, मामींचे गुडघे जेवढं देतील तेवढं. खाली पार्किंगमध्ये त्यांच्या जागेवर तेलाचा एक डाग आहे. वॉचमनने तो पुसायला काढला होता. मी म्हटलं, राहू दे. सकाळी स्कूटर काढताना मी तिथे जरा थांबतो, आणि निघण्याआधी माझा आकडा पाहून घेतो. परत आल्यावर ते विचारतील.